दुसऱ्या महायुद्धानंतरची पोलिश कविता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजची जागतिक कविता वाचायची इच्छा असलेले मराठी वाचक बऱ्याचदा एकच प्रश्न विचारतात: सुरुवात कुठून करू? माझं उत्तर गेली काही वर्षं ठरलेलं आहे. पोलंडपासून करा. त्यानंतर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

जगात एवढ्या भाषांत कविता लिहिली जाते. मग पोलंडच का?

वीस देशांच्या वीस कविता वाचून हाताला फारसं काही लागत नाही. एका भाषेतले चार-पाच कवी नीट वाचले, ते एकमेकांना काय उत्तर देतात, कुठे भांडतात हे कळू लागलं, की कविता उलगडायला लागते. पोलंडमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. १९०९ ते १९४५ या काळात जन्मलेले सात-आठ मोठे कवी तिथे एकाच अनुभवातून गेले, एकमेकांना ओळखत होते, आणि तरी प्रत्येकाने वेगळी वाट धरली. त्यांतल्या दोघांना नोबेल मिळालं: चेस्वाव मिवोश यांना १९८० मध्ये आणि विस्वावा शिंबोर्स्का यांना १९९६ मध्ये.

पण नोबेल हे खरं कारण नाही. राष्ट्र, इतिहास, मानवता, उज्ज्वल भविष्य हे शब्द पोलिश माणसांनी आधी नाझींच्या आणि मग स्टालिनवाद्यांच्या तोंडून इतके ऐकले की त्या शब्दांवरचा विश्वासच उडाला. कवितेत पुन्हा खरं काही बोलायचं, तर हाताने चाचपता येईल अशा गोष्टींपासून सुरुवात करावी लागली. म्हणून या कवितेत दगड आहे, स्टूल आहे, कांदा आहे, मुलीची वेणी आहे, रिकाम्या घरातलं मांजर आहे. ज्यांना कविता म्हणजे अलंकारांचा पसारा वाटतो, त्यांनी तर ही कविता वाचलीच पाहिजे.

नावं उच्चारायची कशी?

मूळ लिपीत ज्या ‘एल’वर तिरकी रेघ असते त्याचा उच्चार ‘व’च्या जवळ जातो, आणि शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘डब्ल्यू’चा ‘फ’ होतो. म्हणून मिवोश, विस्वावा, क्राकुफ. बाकी नावं या लेखात दिली आहेत तशी वाचली तर फारसं चुकणार नाही.

त्यासाठी पोलंडचा इतिहास किती माहीत असायला हवा?

फार नाही, पण काही तारखा हव्यातच. १ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून जर्मनी आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत संघ पोलंडमध्ये घुसला. एप्रिल १९४३ मध्ये वॉर्साच्या ज्यू वस्तीत, म्हणजे घेट्टोत, उठाव झाला आणि जर्मनांनी ती वस्ती जाळून टाकली. १ ऑगस्ट १९४४ ला सगळं वॉर्सा उठलं. ६३ दिवसांनी उठाव मोडला आणि मग जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे जमीनदोस्त केलं.

१९४५ मध्ये देशाचा नकाशाच पश्चिमेला सरकला. ल्वुफ आणि विल्नो ही पूर्वेकडची शहरं सोव्हिएत संघात गेली, आणि जर्मनांचं ब्रेस्लाउ पोलिश लोकांचं व्रोत्स्वाफ झालं. लाखो माणसांना घर सोडावं लागलं. त्यानंतर कम्युनिस्ट राजवट, १९५६ मध्ये थोडी ढिलाई, १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदी कामगारांचा संप आणि सॉलिडॅरिटी ही संघटना, १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा, आणि १९८९ मध्ये राजवटीचा शेवट. एवढं डोक्यात असलं की बहुतेक कवितांचे संदर्भ लागतात.

पहिला कवी कोणता वाचू?

शिंबोर्स्का. त्यांचा जन्म १९२३ चा, पोझ्नानजवळचा. लहानपणीच त्या क्राकुफला आल्या आणि १ फेब्रुवारी २०१२ ला तिथेच गेल्या. एवढ्या आयुष्यात त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कविता साडेतीनशेच्या आसपास भरतात. म्हणजे लिहित्या वर्षांत वर्षाला पाच-सहा.

त्यांची ‘शेवट आणि आरंभ’ ही १९९३ च्या संग्रहातली कविता आधी वाचा. प्रत्येक युद्धानंतर कुणाला तरी साफसफाई करावी लागते, एवढ्यापासून ती सुरू होते. रस्त्यावरचा ढिगारा बाजूला सारायचा, म्हणजे प्रेतांनी भरलेल्या गाड्यांना वाट मिळेल. भिंतीला टेकू द्यायचा, खिडकीला काच बसवायची, दार चौकटीत अडकवायचं. या कामाचे फोटो चांगले येत नाहीत, आणि कॅमेरे तर केव्हाच दुसऱ्या युद्धाकडे निघून गेलेले असतात. हळूहळू ज्यांना सगळं माहीत होतं ते मागे सरतात, थोडं माहीत असलेले येतात, मग त्याहून थोडं, आणि शेवटी ज्याला काहीच माहीत नाही असा कुणी तरी गवतात पडून, दातांत गवताची काडी धरून ढग बघत बसतो.

हा शेवट चांगला की भयंकर, हे कविता सांगत नाही. विसरल्याशिवाय जगता येत नाही हे खरं, आणि विसरलं की पुन्हा तेच घडू शकतं हेही खरं. दोन्ही त्या गवतावर पडलेल्या माणसात आहे. युद्धाबद्दल लिहिलेल्या कवितांत झाडू आणि फावड्याला एवढी प्रतिष्ठा देणारी दुसरी कविता माझ्या वाचनात नाही.

मग ‘रिकाम्या घरातलं मांजर’ वाचा. त्यांचे जोडीदार, लेखक कोर्नेल फिलिपोविच, १९९० मध्ये वारले, त्यानंतरची ही कविता आहे. दुःख करणाऱ्या माणसाचा तीत उल्लेखही नाही. फक्त मांजर बोलतं. जिन्यावर पावलं वाजतात, पण ती नाहीत. बशीत मासा ठेवणारा हातही तो नाही. कपाटं धुंडाळून झाली, गालिच्याखाली शिरून झालं. आता तो परत येऊ दे, मग बघते, असं ते मांजर रुसून ठरवतं. आपल्या माणसाच्या जाण्यावर इतकं संयमाने लिहिता येतं, हे मला या कवितेने दाखवलं.

त्या इतक्या सोप्या लिहितात, मग त्यांना मोठं का मानतात?

कारण ते सोपेपण कमावलेलं आहे. साध्या वाक्यातून त्या हलकेच अशा जागी नेतात, जिथे आपल्याजवळ तयार उत्तर नसतं. हिटलरचा बाळपणीचा फोटो घेऊन लिहिलेली त्यांची कविता बघा. अंगडं घातलेलं गोजिरवाणं बाळ, त्याच्या भविष्याची लाडाने होणारी चर्चा, आणि शांत छोटं गाव. कविता एकदाही आवाज चढवत नाही. वाचणाऱ्यालाच सगळं माहीत असतं आणि त्यामुळे प्रत्येक लाडिक शब्द अंगावर येतो.

नोबेल स्वीकारताना केलेल्या छोट्या भाषणात त्यांनी ‘मला माहीत नाही’ या वाक्याची बाजू घेतली. ज्यांना सगळं माहीत असतं, असे लोक हुकूमशहा होतात. कवीने मात्र स्वतःला पुन्हा पुन्हा हेच सांगत राहायला हवं, असा त्यांचा मुद्दा. त्यांच्या प्रत्येक चांगल्या कवितेत ही वृत्ती दिसते.

पण त्यांनी स्टालिनवर कविता लिहिली होती ना?

लिहिली होती. १९५२ आणि १९५४ चे त्यांचे पहिले दोन संग्रह सरकारी समाजवादी वास्तववादाच्या साच्यातले आहेत, आणि लेनिन व स्टालिन यांच्यावरच्या कविता त्यांत आहेत. १९५३ मध्ये क्राकुफच्या धर्मगुरूंवर खटला चालला, तेव्हा सरकारच्या बाजूने निघालेल्या लेखकांच्या पत्रकावरही त्यांची सही होती. पुढे त्यांनी ते संग्रह बाजूला ठेवले, स्वतःची खरी सुरुवात १९५७ च्या संग्रहापासून मानली, आणि १९६६ मध्ये कम्युनिस्ट पक्ष सोडला.

हे झाकायचं कारण नाही. उलट, खात्रीची त्यांना एवढी धास्ती का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. तिशीच्या आत त्यांनी स्वतः ती खात्री अनुभवली होती. पोलंडमध्ये आजही काही लोक त्यांना त्या सहीबद्दल माफ करत नाहीत, आणि त्यांचा राग मला समजतो. ज्या माणसांवर तो खटला होता, ती खरी माणसं होती.

मिवोश यांची कोणती कविता चुकवू नये?

‘कॅम्पो देइ फिओरी’. १९४३ च्या ईस्टरच्या दिवसांत मिवोश वॉर्सात होते. घेट्टोच्या भिंतीपलीकडे उठाव चालला होता, घरं जळत होती. भिंतीच्या अलीकडे क्रासिन्स्की चौकात जत्रेतला फिरता पाळणा लावलेला होता. संगीत वाजत होतं, मुली पाळण्यात बसून वर जात होत्या, आणि जळक्या घरांवरून उडत आलेली काजळी त्यांच्या हाताला लागत होती. मिवोश यांना रोममधला कॅम्पो देइ फिओरी हा चौक आठवला, जिथे १६०० मध्ये जोर्दानो ब्रूनो या विचारवंताला पाखंडी ठरवून जाळलं. ज्वाळा विझायच्या आत गुत्ते पुन्हा भरले होते आणि फळवाल्यांनी लिंबांच्या टोपल्या डोक्यावर घेतल्या होत्या.

त्या वेळी अशी कविता जवळ बाळगणंही धोक्याचं होतं. १९४४ मध्ये ती गुप्तपणे छापलेल्या एका छोट्या संग्रहात आली. माणसं क्रूर असतात, असं म्हणून ती थांबत नाही. मरणाऱ्याचं एकटेपण हा तिचा विषय आहे. तो मरत असतानाच त्याची भाषा बाकीच्यांना परकी होते, जणू ती कुठल्या तरी जुन्या ग्रहावरची भाषा आहे.

पुढे मिवोश यांनाच ही कविता टोचत राहिली, कारण ती पाहणाऱ्याच्या जागेवरून लिहिलेली होती. त्याच वर्षी त्यांनी घेट्टोकडे पाहणाऱ्या गरीब ख्रिश्चनाची एक कविता लिहिली. तिच्यात मातीखाली दबलेल्या माणसाला भीती आहे, की तिथे मृतांची मोजदाद करणारा आपल्यालाही मारेकऱ्यांचा साथीदार समजेल. १९८७ मध्ये यान ब्वोन्स्की या समीक्षकाने याच कवितेचा आधार घेऊन एका साप्ताहिकात लेख लिहिला: पोलिश समाज स्वतःच्या साक्षीदारपणाकडे कधी बघणार आहे? त्यावर देशभर वाद पेटला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका कवितेवरून एक समाज स्वतःशी भांडतो, ही गोष्ट मला कुठल्याही पुरस्काराहून मोठी वाटते.

मिवोश यांच्या ओळी कामगारांच्या स्मारकावर कशा आल्या?

मिवोश युद्धानंतर पोलंडच्या परराष्ट्र सेवेत होते. १९५१ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी ती नोकरी आणि देश दोन्ही सोडलं. मायदेशात त्यांची पुस्तकं छापायला बंदी आली. १९६० पासून ते कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकवू लागले आणि तिथे बसून पोलिशमध्येच लिहीत राहिले. तीस वर्षं देशात त्यांचं नाव कुजबुजतच घेतलं जात होतं.

मग १९८० मध्ये एकाच वर्षी सॉलिडॅरिटी उभी राहिली आणि त्यांना नोबेल मिळालं. डिसेंबर १९७० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीबाहेर गोळीबारात मेलेल्या कामगारांचं स्मारक डिसेंबर १९८० मध्ये उभं राहिलं, तेव्हा त्यावर मिवोश यांच्या १९५० च्या एका कवितेतल्या ओळी कोरल्या गेल्या. साध्या माणसाला छळणाऱ्या सत्ताधाऱ्याला ती कविता बजावते की निर्धास्त राहू नकोस, कवी लक्षात ठेवतो. वेल्डिंग करणाऱ्या आणि क्रेन चालवणाऱ्या माणसांना त्या ओळी आपल्या वाटल्या.

ऑशविट्झनंतर कविता शक्य नाही, असं कुणी तरी म्हटलं होतं ना?

ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीनंतर कविता लिहिणं हे रानटीपणाचं आहे, असं जर्मन विचारवंत आडोर्नो यांचं मत खूप गाजलं. तो निबंध १९४९ मध्ये लिहिलेला आहे. तादेउश रुझेविच यांचा ‘अस्वस्थता’ हा संग्रह त्याआधी, १९४७ मध्ये, आलेला होता. त्या वाक्याला पोलंडने दिलेलं उत्तर जणू प्रश्नाच्या आधीच छापून आलं.

रुझेविच जर्मनांविरुद्ध जंगलात लढलेले. त्यांचा मोठा भाऊ यानुश, तोही कवी, १९४४ मध्ये गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, गोळ्यांनी मेला. ‘वाचलेला’ या कवितेतला माणूस चोवीस वर्षांचा आहे, कत्तलीला नेताना वाचला आहे. सद्गुण आणि दुर्गुण, सत्य आणि असत्य, सौंदर्य आणि कुरूपता यांचं वजन त्याच्या लेखी सारखंच झालं आहे. त्याला एक शिक्षक हवा आहे, जो वस्तूंना पुन्हा नावं देईल, उजेड अंधारापासून वेगळा करेल. यमक नाही, प्रतिमा जवळजवळ नाही, विरामचिन्हं नाहीत. भाषा उघडी पडल्यासारखी वाटते. योगायोग असा की १९४७ हेच मर्ढेकरांच्या ‘काही कविता’चंही वर्ष. दोघांची घडण पूर्ण वेगळी, पण युद्धानंतर जुना काव्यमय सूर तोंडात ठेवणं दोघांनाही अशक्य झालं होतं.

रुझेविच यांची ‘वेणी’ ही कविता ऑशविट्झच्या संग्रहालयातली आहे. काचेमागे कापलेल्या केसांचा ढीग, ज्यांतून आता वारा जात नाही, ज्यांना हात लागत नाही. त्यात रिबिनीसकट एक करडी झालेली वेणी, शाळेत खोडकर मुलं ओढायची तशी. एवढंच आहे. शाळेतल्या मुलांच्या त्या एका उल्लेखाने सगळा ढीग पुन्हा एक मुलगी होतो.

हेर्बेर्त अवघड वाटतात. ग्रीक-रोमन संदर्भ कळत नाहीत. काय करू?

संदर्भ सोडून द्या आणि ‘निसर्गशास्त्राचे मास्तर’ वाचा. झ्बिग्न्येव हेर्बेर्त १९२४ मध्ये ल्वुफला जन्मले. त्यांच्या या कवितेत शाळेतल्या मास्तरांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलेलं पाण्यातलं जग आहे. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या मवाल्यांनी मास्तरांना मारलं. आता कवीला रानातल्या वाटेवर वाळूचा चढ चढताना धडपडणारा काळा भुंगा दिसतो. तो त्याला अदबीने नमस्कार करतो, ‘सर, मी मदत करू?’ असं विचारतो, आणि अलगद पलीकडे ठेवतो. हा शिष्य समजला की हेर्बेर्त समजले.

मग १९७४ चे ‘श्री. कोगितो’ घ्या. हा एक मध्यमवयीन, विचारी, किंचित अवघडलेला माणूस आहे. हरणार हे माहीत असताना ताठ कसं राहायचं, एवढाच त्याचा प्रश्न. लष्करी कायद्यानंतर १९८३ मध्ये पॅरिसला छापलेल्या ‘वेढलेल्या शहराचा वृत्तांत’मध्ये निवेदक हत्यार उचलायला म्हातारा झाला आहे, म्हणून त्याला बखरकाराचं काम दिलं आहे. आणि ‘अभिरुचीची ताकद’ मध्ये ते सांगतात की आम्ही राजवटीला नकार दिला त्यात फार मोठं धैर्य नव्हतं. त्यांची भाषणं, त्यांचे पोशाख, त्यांचं व्याकरण, सगळंच इतकं बेंगरूळ होतं की आमच्या अभिरुचीने ते घेतलं नाही. वाचताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं की सत्तेची भाषा कुरूप आहे हे ओळखता येणं, हाच खरा नकाराचा पहिला भाग.

सेन्सॉर असताना हे सगळं छापलं कसं जायचं?

तीन वाटा होत्या. पहिली सरकारी प्रकाशनांची, जिथे प्रत्येक ओळ सेन्सॉरकडून जायची. दुसरी पॅरिसची: परागंदा संपादक येझी ग्येद्रोइत्स यांच्या संस्थेने ‘कुल्तुरा’ हे मासिक आणि बंदी असलेल्या लेखकांची पुस्तकं पॅरिसजवळून काढली, आणि ती चोरून देशात यायची. तिसरी वाट १९७६-७७ नंतर मोठी झाली. लोक घरात, तळघरात डुप्लिकेटर चालवून पुस्तकं काढू लागले.

याच काळात ‘नवी लाट’ नावाची पिढी पुढे आली: स्तानिस्वाव बारान्चाक, रिशार्द क्रिनित्स्की, आदाम झागायेव्स्की, एवा लिप्स्का. त्यांनी सरकारी भाषाच उचलून कवितेत ठेवली. बारान्चाक यांची १९७० ची एक कविता चक्क सरकारी फॉर्म आहे. जन्म झाला आहे का? हो किंवा नाही, नको ते खोडा. ‘हो’ असल्यास कारण द्या. कचेरीत रांग लावलेल्या कोणत्याही माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. १९७६ मध्ये बारान्चाक कामगारांच्या बचाव समितीत गेले, त्यांचं लिखाण छापणं बंद झालं, आणि १९८१ मध्ये ते हार्वर्डला गेले.

यात स्त्रिया कमी का दिसतात?

यादी करणाऱ्यांनी बऱ्याच काळ त्यांच्याकडे पुरेसं पाहिलं नाही, म्हणून. आना श्विर्श्चिंस्का १९४४ च्या उठावात परिचारिका होत्या. त्यावरच्या कविता त्यांना लिहिता आल्या त्या तीस वर्षांनी, १९७४ मध्ये. प्रत्येक कविता दहा-पंधरा ओळींची, विशेषणं जवळपास नाहीत. गोळीबारात मोर्चाबंदी करणारे गुत्तेवाला, न्हावी, सराफाची मैत्रीण, सगळे भित्रे, सगळे थरथरत. कुणीही जबरदस्ती केली नव्हती, आणि तरी आम्ही ती भिंत उभी केली, असं कविता सांगते. बाईच्या शरीराबद्दल, म्हातारपणाबद्दलही त्यांनी तितक्याच उघडपणे लिहिलं. मिवोश यांनी त्यांची भाषांतरं केली नसती, तर बाहेरच्या जगाला त्या कळल्याही नसत्या.

झुझान्ना गिंचान्का हे दुसरं नाव. ल्वुफमध्ये लपून राहत असताना ज्यू म्हणून त्यांची खबर दिली गेली, आणि त्या निसटल्या. १९४२ मध्ये त्यांनी मृत्युपत्राच्या रूपात एक कविता लिहिली, आणि आपल्या चादरी, गालिचे, भांडी त्या खबर देणाऱ्या बाईच्या नावे केली. पुढे क्राकुफमध्ये त्या पकडल्या गेल्या आणि युद्ध संपायच्या आधी मारल्या गेल्या. युद्धानंतर त्या बाईवर खटला झाला तेव्हा ही कविता न्यायालयात पुरावा म्हणून आली.

अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर गाजलेली पोलिश कविता कोणती?

झागायेव्स्की यांची, घायाळ जगाची स्तुती करायचा प्रयत्न कर असं सांगणारी. ‘द न्यूयॉर्कर’च्या २४ सप्टेंबर २००१ च्या अंकात ती क्लेअर कॅव्हना यांच्या भाषांतरात शेवटच्या पानावर छापली, आणि लोकांनी ती कात्रणं करून भिंतींवर लावली. पण ती हल्ल्याबद्दल नाही, हल्ल्याआधीच लिहिलेली आहे. जूनचे लांब दिवस, रानातली स्ट्रॉबेरी, आणि परागंदा झालेल्यांच्या ओसाड घरांवर नेमाने वाढणारी खाजकुयली तीत आहे. झागायेव्स्की स्वतः १९४५ मध्ये ल्वुफला जन्मले आणि चार महिन्यांचे असतानाच त्यांच्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. ज्याची काहीच आठवण नाही त्या गावाला परत जाण्याची त्यांची एक लांब कविता आहे, तीही जरूर वाचा. २१ मार्च २०२१ ला, जागतिक कविता दिनाच्याच दिवशी, ते क्राकुफला गेले.

महाराष्ट्राशी या सगळ्याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बऱ्याच कोल्हापूरकरांना घरबसल्या माहीत आहे. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून, म्हणजे हेर्बेर्त आणि झागायेव्स्की यांच्याच मुलखातून, कुटुंबंच्या कुटुंबं सैबेरियाकडे हाकलली. त्यांतले वाचलेले काही जण इराणमार्गे भारतात आले, आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती, मुख्यतः बायका आणि मुलं. कोल्हापुरात त्यांचा स्मारकस्तंभ आहे, आणि वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे. सुटलेल्या गावाबद्दलच्या पोलिश कविता वाचताना मला ती मुलं आठवतात.

दुसरा दुवा मॉरिस फ्रीडमन यांचा. वॉर्सात जन्मलेले हे अभियंते औंध संस्थानाच्या स्वराज्याच्या प्रयोगात होते, आणि निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं त्यांनीच १९७३ मध्ये इंग्रजीत आणली. वांदा दिनोव्स्का यांच्याबरोबर त्यांनी भारतीय साहित्य पोलिशमध्ये नेणारी ग्रंथमाला १९४४ मध्ये सुरू केली होती.

भाषांतरातून वाचलं तर कविता हरवत नाही का?

काही हरवते. शिंबोर्स्का यांच्या सुरुवातीच्या कवितांतली यमकं, किंवा मिरोन ब्यावोशेव्स्की यांचं तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखं बोलणं भाषांतरात फारसं येत नाही. पण ज्यांचं सामर्थ्य विचाराच्या चालीत आणि दिसणाऱ्या वस्तूत आहे, ते रुझेविच आणि हेर्बेर्त जवळजवळ पूर्ण पोचतात. शिंबोर्स्का यांच्यासाठी कॅव्हना आणि बारान्चाक यांची इंग्रजी भाषांतरं घ्या. हिंदी वाचत असाल तर अशोक वाजपेयी यांनी रेनाता चेकाल्स्का यांच्याबरोबर मिवोश, शिंबोर्स्का, हेर्बेर्त आणि रुझेविच या चौघांनाही हिंदीत आणलं आहे. मूळ पोलिश जाणणारी व्यक्ती आणि कवी यांनी शेजारी बसून काम करायची ती पद्धत मराठीत कुणी हाती घ्यावी असं मला फार मनापासून वाटतं.

आजचे पोलिश कवीही याच मार्गाने लिहितात का?

नाही, आणि ते बरंच झालं. १९८९ च्या आसपास क्राकुफच्या ‘ब्रुलियोन’ या नियतकालिकाभोवतीची मुलं या थोरांच्या गंभीरपणाला कंटाळली होती. मार्चिन श्फ्येत्लित्स्की यांनी एका कवितेत म्हटलं की माझा दात दुखतोय, मला भूक लागलीय, मी एकटा आहे, असं सरळ सांगायच्या ऐवजी आपले कवी थोर पुरुषांची आणि देशांची नावं घेतात. ते स्वतः बँडबरोबर आपल्या कविता म्हणतात. तोमाश रुझित्स्की यांनी २००४ मध्ये नातवाच्या पिढीच्या नजरेतून, पूर्वेकडे परत जाणाऱ्या आगगाडीचं एक लांबलचक विनोदी महाकाव्य लिहिलं. २०१३ पासून शिंबोर्स्का यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. पहिल्या वर्षी तो क्रिस्तिना दोम्ब्रोव्स्का आणि वुकाश यारोश यांना विभागून मिळाला. दोम्ब्रोव्स्का यांच्या प्रवासाच्या, अनोळखी माणसांच्या कविता मला आजच्या पिढीत सर्वांत आवडतात.

मी स्वतः कविता लिहितो. यातून मला काय घेता येईल?

शिंबोर्स्का क्राकुफच्या एका साहित्यिक साप्ताहिकात काम करत, आणि तिथे नवोदितांच्या पत्रांना उत्तरं देणारं सदर निनावी चालवत. त्या उत्तरांचं पुढे पुस्तक झालं. भरारी घेणाऱ्या एका मुलीला त्यांनी सुचवलं की पंख उतरवून ठेवू आणि जरा पायी चालून लिहून बघू. माझ्याकडे कुणी कविता वाचायला देतं तेव्हा मी हेच सांगते. आणि रोज थोडं गद्यही लिहा. हे सगळे कवी उत्तम गद्य लिहीत, हेर्बेर्त यांचे युरोपातल्या चित्रांवरचे आणि देवळांवरचे निबंध तर कवितेच्या तोडीचे आहेत.

एकच पुस्तक घ्यायचं झालं तर?

युद्धोत्तर पोलिश कवितेचा मिवोश यांनी निवडलेला आणि बराचसा त्यांनीच इंग्रजीत केलेला संग्रह. तो पहिल्यांदा १९६५ मध्ये निघाला आणि नंतर वाढवलेल्या आवृत्त्याही आल्या. प्रत्येक कवीआधी मिवोश यांची छोटी, स्पष्टवक्ती टिपणं आहेत, तीही वाचा. झागायेव्स्की यांच्या पिढीच्या गाजलेल्या कविता त्यानंतरच्या, म्हणून त्यांचा एक वेगळा निवडक संग्रह जोडीला लागेल. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिवोश यांचा संग्रह अधूनमधून स्वस्तात सापडतो, पण आत आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा असल्या तर खोडू नका, कोणत्या ओळीपाशी तो थांबला होता तेही बघा.